वसई सर झाली, त्यानंतर



उचगावच्या शाळेत इतिहासाचा तास चालू आहे असे समजा. गुरुजी वसईच्या मोहिमेचा धडा शिकवीत आहेत. चिमाजी अप्पांची जिद्द, तटाखाली भरलेले सुरुंग, खिंडारातून आत घुसणारे मराठे, आणि मे १७३९ मध्ये फिरंग्यांनी पत्करलेली शरणागती. साऱ्या वर्गाच्या अंगावर काटा उभा राहतो. धडा संपतो. तेवढ्यात एखादा मुलगा विचारतो, "गुरुजी, मग तिथल्या गावांतल्या माणसांचं काय झालं?"

प्रश्न साधा आहे, पण धड्यात त्याचे उत्तर बहुधा सापडत नाही. फिरंगी शिपाई व अंमलदार तहाप्रमाणे आपली हत्यारे व सामानसुमान घेऊन गलबतांत बसले आणि निघून गेले. ते परके होते, त्यांना जायला ठिकाण होते. परंतु सांडोर, पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांतली शेतकरी माणसे कोठे जाणार? ती इथलीच होती. बोलत होती ती मराठीचीच एक बोली. पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसत होती. फरक एवढाच, की दोनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले होते आणि ती रविवारी देवळाऐवजी चर्चमध्ये जात होती. आजच्या भाषणात मला या माणसांची हकीकत सांगावयाची आहे.

वसईच्या घंटांची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. विजयानंतर तिथल्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवस्थानांना दिल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मारिया मातेची आकृती आहे. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे. या घंटा आपण विजयाची खूण म्हणून पाहतो, आणि तशा त्या आहेतच. पण घंटा ही काही नुसती शोभेची वस्तू नव्हे. ती सकाळी वाजली की गाव प्रार्थनेला निघे, कोणी वारले की तिचे सावकाश टोले पडत, लग्नाला ती वाजे. ती घंटा गेल्यावर त्या गावांनी काय केले असेल?

आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाला ख्रिस्ती समाजाची ओळख आहे ती मुख्यतः अमेरिकन मिशनमुळे. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. त्यांच्या नावाचे चर्च शहरात आहे. मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला दवाखाना तर घरोघरी ठाऊक आहे. उचगाव, करवीर, मिरज या टापूतल्या किती आजारी माणसांनी तिकडची वाट धरली असेल, त्याची गणती नाही. हे मिशन प्रॉटेस्टंट पंथाचे. वसईचे ख्रिस्ती कॅथॉलिक पंथाचे. दोघांचा येशू एक, बायबल एक, पण धर्माची घडण निराळी. प्रॉटेस्टंट लोक बहुधा दोनच संस्कार मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. कॅथॉलिक सात मानतात. पंथभेदाचा वाद आपल्याला करावयाचा नाही. पण हे सात संस्कार कोणते, आणि ते पार पाडायला कोण लागतो, हे समजल्याशिवाय १७३९ नंतरची गोष्ट उलगडत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो.

आपल्याकडे सोळा संस्कार म्हणतात. कॅथॉलिकांचे सात असे : जन्मल्यावर बाप्तिस्मा, म्हणजे स्नानसंस्कार. वयात येताना दृढीकरण. मिस्साविधीत भाकरीच्या रूपाने मिळणारा ख्रिस्तप्रसाद. धर्मगुरूंजवळ पापे सांगून क्षमा घेणे, म्हणजे पापनिवेदन. आजाऱ्याला तेल लावून करावयाचा अभ्यंग. विवाह. आणि ज्याला धर्मगुरू व्हावयाचे त्याची गुरुदीक्षा. माणूस जन्मल्यापासून मातीला जाईपर्यंतचा सारा रस्ता यात आला. आता मौज पाहा. यातला बाप्तिस्मा अडल्या वेळी कोणीही देऊ शकतो. मूल दगावेल अशी भीती असली तर घरातल्या सुइणीने तिथल्या तिथे त्याच्या डोक्यावर पाणी ओतून ठरलेले शब्द म्हटले, तरी तो बाप्तिस्मा पुरा झाला असे चर्च मानते. पण मिस्साविधी धर्मगुरूशिवाय होत नाही. पापक्षमा त्याच्याशिवाय मिळत नाही. मरणाऱ्याला अभ्यंग दुसरा कोणी करू शकत नाही. दृढीकरणाला तर साधा धर्मगुरूही रीतीप्रमाणे पुरत नसे, बिशप लागे. आणि धर्मगुरूला दीक्षा देणार तोही बिशपच.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर गावात गुरव नसला तरी देव असतो, माणूस उंबऱ्यावरून हात जोडतो आणि घरी जातो. कॅथॉलिक गावाचे तसे नाही. धर्मगुरू नाही म्हणजे सातांतले पाच संस्कार बंद, आणि विवाहही अडचणीत. एक पिढी अशी गेली तर दुसऱ्या पिढीला आपण कोण हे सांगण्यासारखे फारसे उरत नाही. १७३९ साली वसईच्या गावांपुढे संकट होते ते हे.

आता थोडे मागे जाऊ. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. मोगलांच्या हुमायुनाची भीती होती, दोस्त हवा होता. राजेलोक असे व्यवहार करतात, रयतेला कोणी विचारीत नाही. फिरंग्यांबरोबर फ्रान्सिस्कन साधू आले, मागून जेझुइट आले, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन आले. किल्ल्यात या सर्वांची चर्चे व मठ उभे राहिले. आज त्यांच्या छपराविना उभ्या असलेल्या भिंती पाहावयास मिळतात. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधल्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत.

लोक ख्रिस्ती कसे झाले? याचे एकच उत्तर देणारा माणूस एक तर भाबडा असतो, नाही तर वकील. काही मनापासून झाले. काही सवलतींसाठी झाले. काहींवर दडपण आले. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या जाहीर धर्मविधींवर बंदी आली, अनाथ मुलांना ख्रिस्ती करण्याचे कायदे झाले. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय आले, ते १८१२ पर्यंत टिकले. त्याचा जाच सर्वांत जास्त झाला तो बाटलेल्यांनाच, कारण तुळशीला पाणी घातले, धोतर नेसले, जुना सण पाळला, एवढ्यावरूनही नव्या ख्रिस्त्याची चौकशी होऊ शकत असे. ही बाजू लपविण्यात अर्थ नाही. परंतु दुसरीही बाजू लपवू नये. बळाने लावलेले झाड बळ गेल्यावर वाळून जायला हवे होते. वसईत ते वाळले नाही. का, हाच तर प्रश्न आहे.

माझ्या मते त्याचे एक कारण बाप्तिस्म्याच्या विधीतच होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता आणि धर्ममाता असतात. मुलाचे आईबाप आणि हे धर्माचे आईबाप यांच्यात एक नवे नाते जुळते. पोर्तुगीज भाषेत अशा धर्मपित्याला मुलाचा बाप 'कोंपाद्र' म्हणून हाक मारतो. वसईच्या लोकांच्या तोंडी त्याचे 'कुपारी' झाले, आणि पुढे वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचे ते नावच पडले. जातीचे किंवा धंद्याचे नाव समाजाला पडते हे आपण पाहतो. इथे एका संस्कारातल्या नात्याचे नाव पडले. रक्ताचे नसलेले पण रक्ताइतके पक्के असे हे नाते असे. इतके पक्के, की धर्मपिता आणि धर्मकन्या यांचा विवाह चर्च निषिद्ध मानीत असे. आपण सगोत्र टाळतो तसेच म्हणा ना. एका गावातली घरे अशी या धाग्याने एकमेकांत विणली गेली.

आडनावेही तिथूनच आली. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे किंवा फिरंगी धर्मपित्याचे आडनाव कुटुंबाला लागे, असे सांगतात. म्हणून परेरा, लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज, तुस्कानो अशी नावे धारण करणारी, पण घरात अस्सल गावरान मराठी बोलणारी आणि केळीच्या बागा, पानवेलीचे मळे राखणारी माणसे वसईत भेटतात. राजेळी केळ्यांची सुकेळी त्यांच्याकडचीच. नावावरून माणूस ओळखू नये म्हणतात, त्याचा इतका चांगला दाखला दुसरा नाही. आणि आपण तरी काय? पाव, चावी, पगार, फीत, तुरुंग हे सारे शब्द फिरंग्यांच्याच तोंडातून आपल्याकडे आले. 'पाद्री' आणि 'नाताळ' हे तर सरळ त्यांचेच.

आता धर्मगुरूंकडे येऊ. फिरंग्यांनी रयतेला ख्रिस्ती केले, पण धर्मगुरू करताना हात आखडता घेतला. इथल्या माणसाला दीक्षा द्यावी की नाही, दिली तर मानाची जागा द्यावी की नाही, यावर गोऱ्या साधूंचे मन साफ नव्हते. गोव्याजवळच्या दीवाडी बेटावरचा ब्राह्मण घराण्यातला मातेउश द काश्त्रू नावाचा एक हुशार तरुण होता. गोव्यात त्याला दीक्षा मिळेना. तो उठला आणि थेट रोमला गेला. तिथे धर्मगुरू झाला, आणि १६३७ मध्ये पोपने त्याला बिशप केले. लॅटिन चर्चमधला हा पहिला भारतीय बिशप. त्याच्याकडे मुलूख दिला तो आदिलशाहीचा. ध्यानात घ्या, त्या वेळी पन्हाळा, करवीर, आपला हा सारा प्रदेश आदिलशाहीतच होता. शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला तो १६५९ मध्ये. तेव्हा कागदावर का होईना, उचगावची शिवारे एका भारतीय बिशपच्या अधिकारक्षेत्रात पडत होती. पोर्तुगीजांनी त्याला मानले नाही. गोव्याच्या हद्दीबाहेर डिचोलीला त्याने ठाणे केले, भांडणे केली, पुन्हा पुन्हा रोमच्या वाऱ्या केल्या आणि १६७७ मध्ये तिथेच देह ठेवला. माणूस तापट होता असे म्हणतात. इतका अपमान गिळून थंड राहणारा माणूस मला तरी माहीत नाही.

काश्त्रूला यश आले नाही, पण काळ त्याच्या बाजूने होता. हळूहळू गोव्यात इथलेच धर्मगुरू तयार होऊ लागले. जुझे वाझ हे त्यांच्यातले सर्वांत मोठे. श्रीलंकेत डच लोकांनी कॅथॉलिक पंथावर बंदी घातली असताना ते वेष पालटून तिथे शिरले आणि १७११ मध्ये कँडीला वारले. पोपने त्यांना २०१५ मध्ये संत म्हणून घोषित केले.

आता पुन्हा १७३९. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळू द्यावा अशी हमी होती. पण हमी असली तरी विधी कोण करणार? गोरे साधू बहुतेक गेले. त्यांच्या मठांच्या जमिनी गेल्या, उत्पन्न गेले. काही कुटुंबे फिरंग्यांबरोबर निघून गेली, काही हिंदू समाजात परत घेतली गेली. पाडलेली देवस्थाने पुन्हा उभी राहू लागली. चिमाजी अप्पांनी नवस केला होता त्या वज्रेश्वरीचे देऊळ बांधले गेले, निर्मळचे तीर्थ पुन्हा गजबजले. न्यायाचे चाक उलटे फिरत होते आणि ते फिरणे रास्तच होते. अशा वेळी ख्रिस्ती गावांजवळ राहिले कोण? ज्यांना फिरंग्यांनी दुय्यम मानले होते ते गोव्याचे काळेसावळे धर्मगुरू. त्यांच्या पाठीशी तोफा नव्हत्या, सरकार नव्हते. गावाने घातलेल्या भातावर आणि आपल्या दीक्षेवर त्यांनी ही गावे सांभाळली.

याला साक्षीदार आहे, आणि तोही तटस्थ. आंकेतिल द्यु पेरों नावाचा एक फ्रेंच विद्वान १७५५ ते १७६१ या काळात हिंदुस्थानात होता. पारशांचे धर्मग्रंथ शिकण्यासाठी तो सुरतेला राहिला. १७६० च्या सुमारास तो साष्टी बेटातून हिंडला. साष्टी म्हणजे ठाणे–वांद्र्याचा मुलूख, तेव्हा तोही मराठ्यांकडेच होता. त्याने पाहिले ते असे, की मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती लोक उघडपणे आपले सण करीत आहेत, मिरवणुका काढीत आहेत, आणि चर्चमध्ये देशी धर्मगुरू विधी करीत आहेत. युरोपातून आलेल्या माणसाला याचे नवल वाटले. त्या काळच्या फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट माणसाला उघडपणे आपली प्रार्थना करण्याची मुभा नव्हती! पेशवाईच्या कारभारावर टीका करावयास जागा पुष्कळ आहे. पण शिक्षकबंधूंनी वसईचा धडा शिकविताना विजयानंतरची ही वीस वर्षेही दोन वाक्यांत सांगावीत.

धर्मगुरूंनी गावे सांभाळली म्हणजे नेमके काय केले? पुष्कळशी कामे बोलण्यासारखी नव्हती, रोजची होती. त्यांतले एक लिहिण्याचे. युरोपात ट्रेंट शहरी कॅथॉलिक चर्चची मोठी परिषद भरली होती. तिने १५६३ मध्ये ठराव केला, की विवाह हा गावच्या धर्मगुरूसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर व्हावा, त्याआधी तीन सणवारी चर्चमध्ये तो जाहीर करावा, आणि वहीत नोंदवावा. बाप्तिस्म्याचीही वही ठेवावी. १६१४ मध्ये रोमहून विधींचे पुस्तक निघाले त्यात पाच वह्यांचे नमुने दिले : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू, आणि गावातल्या घराघरांतल्या माणसांची यादी. शाळेतले जनरल रजिस्टर सांभाळणाऱ्या गुरुजींना हे लगेच उमजेल. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी किंवा पंढरपुरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांचे नाव सापडते, तसेच हे. फरक असा, की उपाध्याय यात्रेला आलेल्याचे नाव लिहितो. चर्चच्या वहीत गावातला प्रत्येक ख्रिस्ती जन्म येतो, गरिबाचा आणि धनवानाचा एकाच ओळीत. सरकारने आपल्याकडे जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा कायदा केला तो १८८६ चा, आणि तो ऐच्छिक होता. सक्तीचा, सर्वांना लागू असा कायदा १९६९ मध्ये आला. त्याच्या कितीतरी आधीपासून चर्चमधली वही चालू होती.

या वहीचा उपयोग कोणता? एक, वारसा. दुसरा, सोयरीक. मुलगा–मुलगी जवळच्या नात्यातली तर नाहीत ना, कोण कोणाचा धर्मपिता आहे, पहिले लग्न झाले आहे काय, हे सारे तिच्यात पाहता येते. १९०८ पासून तर नियमच झाला, की लग्न कोठेही लागो, त्याची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी कळवून लिहून घ्यावी. त्यामुळे माणसाची एक ओळ समासात भरत जाते : जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह. नवरा नोकरीला लांबच्या शहरात गेला आणि तिथे दुसरा संसार थाटू लागला, तर ही समासातली नोंद आडवी येते. गरीब बाईच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

आता भाषेचे. मिस्साविधी लॅटिन भाषेत होई. रोममध्ये जी भाषा तीच निर्मळला. शेतकऱ्याला तिच्यातले अक्षर कळत नसे, कळण्याची अपेक्षाही नसे. पण थोडा विचार करा. पापनिवेदन लॅटिनमध्ये कसे होणार? बांधावरून भावाशी केलेले भांडण, शेजाऱ्याच्या केळीचा तोडलेला लोंगर, हे कोणी लॅटिनमध्ये सांगत नाही. आणि दुभाषा मध्ये बसवावा तर मनातले गुपित कसले? म्हणून पापनिवेदन ऐकणाऱ्याला गावची बोली येणे भागच होते. लग्नाच्या वेळची संमती कळत्या भाषेतच घ्यावी लागे. लग्नाची घोषणा साऱ्यांना समजली पाहिजे. मुलांना धर्माचे पाठ द्यायचे ते आईच्याच भाषेत. म्हणजे वेदीवर लॅटिन होती, पण वेदीच्या पायरीखाली सारा व्यवहार मराठीतच चालला होता. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने देशी भाषा बंद करण्याचा हुकूम काढला होता. हुकूम निघाला, आणि माणसे बोलतच राहिली.

याहीपूर्वी एका इंग्रज जेझुइटाने ही गोष्ट ओळखली होती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. नवख्रिस्ती लोकांची तक्रार अशी होती, की आमची पुराणे गेली, आता वाचायला, ऐकायला काय? म्हणून स्टीफन्सनी ओवीछंदात मराठी 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. रविवारी आणि सणांच्या दिवशी ते चर्चमध्ये वाचले जाई. देवनागरी लिपीत ते पुण्याला शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या शिक्षकांना जुन्या मराठीची आवड आहे त्यांनी हा ग्रंथ जरूर पाहावा.

भाषेबरोबर चालीरीतीही टिकल्या. मुंबई–साष्टीच्या जुन्या मराठी ख्रिस्त्यांनी १८८७ पासून स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. नाव इंग्रजी, पण लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर वाजतगाजत जाऊन 'उंबराचं पाणी' आणतात, दारी मांडव घालतात. विवाहाचा संस्कार चर्चमध्ये वेदीसमोर होतो, आणि त्याच्या आधीमागे हे सारे असते. त्यांचा 'आगेरा' हा सण तर आपल्या शेतकऱ्यांना फार आवडेल. भाताच्या पहिल्या लोंब्या कापून चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरी नेतात. आपण नव्याची पूजा करतो, यांचे नवे वेदीवर जाते. शेत पिकल्यावर कोणाला तरी हात जोडावेसे वाटतात, हे सगळीकडे सारखेच.

पुढची दीडशे वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती भांडणांची आहेत. वसई इंग्रजांनी १७८० मध्ये घेतली, सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये परत दिली, आणि १८१८ मध्ये पेशवाईच गेली. कॅथॉलिकांच्या घरात मात्र वेगळाच तंटा पेटला होता. धर्मगुरू नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा की रोमच्या पोपचा? मुंबईत त्यापायी एकेका वाडीत दोन दोन पक्ष पडले, चर्चच्या किल्ल्यांवरून कज्जे झाले. आपल्याकडे पाटीलकीच्या मानावरून, पालखीच्या खांद्यावरून जसे होते तसे. १८८६ मध्ये दोन्ही पक्षांत करार झाला. वसई त्या वर्षी स्थापन झालेल्या दमणच्या धर्मप्रांतात गेली. १९२८ मध्ये तो धर्मप्रांत मोडून ती मुंबईला जोडली गेली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९९८ मध्ये, आणि थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप झाले. ज्या गावांचे दृढीकरण कधीकाळी गोव्याच्या बिशपवर अवलंबून होते, त्यांना आपला बिशप मिळायला वसई सर झाल्यापासून दोनशे एकोणसाठ वर्षे लागली. आपल्या दक्षिणेकडचे सांगायचे, तर आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडीला मिलाग्रीस चर्च लागते, ते २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे मुख्य चर्च आहे.

लॅटिनचे पर्व संपले ते रोममध्येच. १९६२ मध्ये व्हॅटिकनला दुसरी मोठी परिषद भरली. ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेविषयीचा आदेश काढून लोकभाषांना वेदीची वाट मोकळी केली. १९६९ मध्ये मिस्साविधीचे नवे पुस्तकही आले. धर्मगुरू आजवर वेदीकडे तोंड करून पुटपुटत असत, ते आता लोकांकडे वळून मराठीत बोलू लागले. वृद्ध माणसांना प्रथम चुकल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. न समजणाऱ्या शब्दांचीही सवय होते, आणि सवयीलाच आपण पुष्कळदा पावित्र्य समजतो. पण चारशे वर्षे जी भाषा पायरीखाली थांबली होती, ती वेदीवर चढली.

तिची तयारी अगोदरपासून चालू होती. नगर जिल्ह्यात काम करणाऱ्या फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटांनी १९०३ मध्ये 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. वसईकडे 'सुवार्ता' निघाले. गावाच्या चर्चला 'धर्मग्राम' आणि त्यावरच्या प्रांताला 'धर्मप्रांत' असे सुटसुटीत मराठी शब्द रूढ झाले. 'धर्मग्राम' हा शब्द मला फार चांगला वाटतो. त्यात ग्राम आहे. चर्च म्हणजे इमारत नव्हे, भोवतालची घरे, शेते, क्रूस उभारलेले नाके, शाळा आणि दफनभूमी हे सारे मिळून ते होते.

'सुवार्ता'चे संपादक पुष्कळ वर्षे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ते नंदाखालचे, शेतकरी वस्तीतले. तुकोबांच्या अभंगांत आणि बायबलात सारखेच रमणारे. वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांच्या आणि गुंडांच्या तावडीतून वाचवावा म्हणून १९९० च्या सुमारास जे आंदोलन झाले, त्यात हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला होता. त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते 'सुबोध बायबल' या नावाने आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका कॅथॉलिक धर्मगुरूला अध्यक्ष का केले, म्हणून त्या वेळी काही जणांनी कुरकुर केली. कुरकुर करणाऱ्यांना वसईचा अर्धाच धडा शिकवला गेला होता, दुसरे काय? फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी वारले, आणि नंदाखालच्या मृत्यूच्या वहीत आणखी एक ओळ वाढली.